गणपतीचा लूप आणि शॉटकट: नवशिक्याचा अनुभव

यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत देखावा होता दादासाहेब फाळक्यांचा, आणि मंडपात 43 इंची टीव्हीवर त्यांच्या मूकपटांचे तुकडे दिवसभर लूपवर, म्हणजे संपले की परत पहिल्यापासून, फिरते ठेवायचे असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि तोवर काम माझ्या नावावर पडलं होतं 😅 आयुष्यात कधी व्हिडिओ एडिट केलेला नाही. आधी मोबाईलवर एक फुकट अॅप घेऊन बघितलं (नाव नको), दोन तास खपलो आणि शेवटी कोपऱ्यात त्यांचा लोगो, तो काढायचा तर पैसे भरा. मग भाच्याने कॉम्प्युटरवर शॉटकट नावाचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

शॉटकट पूर्ण फुकट आहे, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि लोगोबिगो काही टाकत नाही. दिसायला एकदम रुक्ष. उघडल्यावर सगळं काळंकरडं, आता क्लिक कुठे करायचं हेच कळत नाही. पण क्लिप ओढून खाली टाइमलाइनवर (क्लिप्स ओळीने लावायची पट्टी) टाकली, एस दाबलं की तुकडा, एक्स दाबलं की नको तो भाग गायब आणि पुढचं सगळं आपोआप मागे सरकतं, एवढ्या दोन बटणांवर माझं निम्मं काम झालं. एका क्लिपचं टोक दुसरीवर ओढलं की क्रॉसफेड (एक दृश्य विरत दुसरं उमटणं) आपोआप होतो, हे तर मला चुकून कळलं.

क्लिप्स मुख्यतः 1919 च्या कालिया मर्दनच्या. त्यात कृष्ण झालीय फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी, आणि सुरुवातीला नुसते तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव दाखवलेत, ते बघून मंडळातल्या आज्या फिदा. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट 60 वर्षं असतो त्यामुळे इतक्या जुन्या सिनेमाचं टेन्शन नाही. फक्त नेटवरच्या कॉपीला कुणी नवीन म्युझिक लावलेलं असेल तर ते त्याचं असतं, मी आवाज सरळ म्यूट केला, तसंही बाजूला आरत्या चालूच.

एक घोळ झाला. माझ्या कॉपीत सगळे चार्ली चॅप्लिनसारखे तुरुतुरु पळत होते. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 फ्रेम म्हणजे चित्रं, आणि ही कॉपी 24 ने चालत होती. प्रॉपर्टीजमध्ये स्पीड 1 चा 0.67 केला आणि माणसं माणसासारखी चालायला लागली. आणि कृपा करून चौकोनी चित्र ताणून टीव्हीभर करू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर कृष्ण जाडा दिसतो.

आता खरी गोम लूपची. पहिल्यांदा मी शेवटी फेडआउट (चित्र हळूहळू काळं होणं) आणि सुरुवातीला फेडइन (काळ्यातून उमटणं) दिला, झालं, दर दोन मिनिटांनी पडदा काळा आणि कुणीतरी ओरडणार "अरे बंद पडला!" मग भाच्याने युक्ती सांगितली. एक सलग शॉट घ्यायचा, मध्यावर कापायचा, नंतरचा अर्धा व्हिडिओच्या सुरुवातीला लावायचा आणि आधीचा अर्धा शेवटी. व्हिडिओ संपतो तिथूनच तोच शॉट परत सुरू होतो, त्यामुळे सांधा दिसतच नाही, बाकीचे क्रॉसफेड सगळे मधे. मी मंदाकिनीच्या हसण्याचाच शॉट कापला. हसायला सुरुवात शेवटी, उरलेलं हसू सुरुवातीला.

एवढं करूनही पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर रिपीट होताना टीव्ही स्वतःच अर्धा सेकंद काळा होतो! त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन मिनिटांचा लूप एक्स्पोर्ट केला, तीच फाइल नवीन प्रोजेक्टमध्ये 30 वेळा मागोमाग टाकली, तासाभराचा व्हिडिओ तयार. तासातून एकदा काळं झालं तर कोण बघतंय.

शॉटकटची कटकट म्हणाल तर अक्षरं टाकणं. मराठी पाटी टाकायला फिल्टरमध्ये जा, फाँट शोधा, जागा जुळवा, माझी तर त्यातच एक संध्याकाळ गेली. मोबाईलवरही नाही, कॉम्प्युटर लागतोच. रील्सवाले चमचमते इफेक्ट हवे असतील तर दुसरं काहीतरी बघा. साधं कापा-जोडा-फिरवा एवढंच काम असेल तर माझ्याकडून 5 पैकी 4, एक मार्क त्या अक्षरांचा कापला.

विसर्जनाच्या दिवशी शेजारची छोटी विचारत होती, काका ही मुलगी हसायची थांबते कधी?