एमएस असताना पित्ताशयाचं ऑपरेशन इथे केलं, चांगलं-वाईट दोन्ही लिहितेय

मला २०१६ पासून एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, डावा पाय कमजोर आहे आणि काठी घेऊन चालते. मागच्या एप्रिलमध्ये या हॉस्पिटलमध्ये माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. नाशिकमध्ये ज्यांच्या घरात एमएस आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून मुद्दाम मोठं लिहितेय.

आधी इथवर कशी पोचले ते सांगते, कारण त्यातच माझं जवळजवळ वर्ष गेलं. उजवीकडे बरगडीखाली कळ यायची, ती मागे पाठीत फऱ्यापर्यंत जायची, तास-दोन तास राहायची आणि आपोआप ओसरायची. एमएसमध्ये छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं, त्याला एमएस हग म्हणतात, तो मला आधी दोनदा झालेला, म्हणून मी पण तेच धरून चालले आणि घरचे पण. वर माझी एमएसची गोळी डायमिथाइल फ्युमरेट, तिने सुरुवातीला पोट दुखतं, मळमळतं हे आधीच सांगितलेलं होतं. म्हणजे कळ आली की एकतर हग नाहीतर गोळी, तिसरं काही असेल असं डोक्यातच आलं नाही. एका दवाखान्यात दाखवलं तर फाईलवर एमएस वाचून पोटाला हातही न लावता न्यूरोलॉजिस्टकडे जा म्हणून परत पाठवलं, त्याचा राग अजून आहे.

ती गोळी रिकाम्या पोटी सोसत नाही म्हणून मी पोळीला चांगलं भरपूर तूप लावून त्याच्याबरोबर घ्यायचे आणि त्याच तुपाने पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास वाढत होता हे नंतर कळलं. एका रविवारी सगळे मिसळ खायला गेलो, मी तर्री दोनदा घेतली, आणि दुपारी अशी कळ आली की बाथरूमच्या दारात भिंतीला टेकून बसले ते उठताच येईना, घामाने गाऊन ओला, दोनदा उलटी. नणंद आलेली होती ती म्हणाली वहिनी कुठे दुखतंय बोट ठेवून दाखवा, मी एका जागी बोट ठेवलं, ती म्हणाली हे एमएसचं नाहीये, आमच्या सासूबाईंना खडे होते तेव्हा त्या पण इथेच हात धरून बसायच्या. माझा हग दोन्ही बाजूंनी आवळायचा, हे एका बोटावर दाखवता येत होतं, एवढा साधा फरक होता. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सोनोग्राफी केली, दहा मिनिटांत कळलं, १४ मिमीचा एक खडा आणि बाकी बारीक. बऱ्याच जणांनी काढा सुचवला पण मुतखडा लघवीवाटे पडतो तसा हा पडत नाही, बारीक खडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून ऑपरेशनच ठरवलं.

आता हॉस्पिटल. सर्जन चांगले आहेत, पण मी इथे यायला सांगेन ते भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी. आदल्या संध्याकाळी ते स्वतः रूमवर आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले ताई, पाय उचला, माझा हात दाबा, डोळे मिटून सांगा कोणत्या बोटाला लावतोय. सगळं एका कागदावर लिहून घेतलं, डावा पाय किती वर जातो तेसुद्धा. म्हणाले उद्या ऑपरेशननंतर काही वेगळं वाटलं तर नवीन काय आणि जुनं काय हे या कागदावरून कळेल. ताप आला की एमएसची जुनी लक्षणं वर येतात म्हणून टेंपरेचरवर सतत लक्ष ठेवणार हेही मी न विचारता त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. रडायला आलं मला.

पण रात्री घोळ झाला. मी स्पॅस्टिसिटीसाठी, म्हणजे स्नायू ताठ होतात त्यासाठी, बॅक्लोफेन गोळी घेते, ती एकदम बंद करायची नसते, भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, आणि डॉक्टरांनी पहाटेचा डोस दोन घोट पाण्याबरोबर घ्या म्हणून सांगितलेलं. नाइटच्या सिस्टर म्हणाल्या तोंडाने काही द्यायचं नाही अशी ऑर्डर आहे. मिस्टरांनी पहाटे साडेपाचला डॉक्टरांना फोन लावून दिला तेव्हा गोळी मिळाली. डॉक्टरांचं बोलणं वॉर्डच्या कागदावर उतरलंच नव्हतं, हे सुधारायला हवं. तुम्ही ॲडमिट होणार असाल तर गोळ्यांची वेळ मोठ्या अक्षरात लिहून बेडजवळ चिकटवा.

ऑपरेशननंतर उजवा खांदा इतका दुखायला लागला की मला वाटलं रिलॅप्स आला, म्हणजे एमएसचा नवा झटका, हातपाय गार पडले. डॉक्टर तोच कागद घेऊन आले, पाय उचला, हात दाबा, सगळं कालच्यासारखंच. म्हणाले पोट फुगवायला भरतात तो कार्बन डायऑक्साइड, त्याने खांद्यात दुखतं, जाईल, आणि दोन दिवसांत गेलं. लघवीची नळी त्याच संध्याकाळी काढली, इन्फेक्शन होऊन ताप नको म्हणून. वॉर्डच्या मावशी रात्री तीनदा हाताला धरून बाथरूमला घेऊन गेल्या, एकदाही कुरकुर नाही.

डिस्चार्जचा दिवस मात्र वाईट गेला. कॅशलेसचं फायनल मंजुरीचं पत्र तीन तासांत यायला हवं असा २०२४ चा नियम आहे, आमचं संध्याकाळी आलं, आणि रूम दुपारीच सोडायला लावली म्हणून मी खाली बिलिंगच्या बाकावर, एप्रिलचं ऊन, पंखा एकच. अंग अर्धा डिग्री तापलं तरी माझं डावं पाऊल घासायला लागतं, त्या दिवशी गाडीपर्यंत चालता आलं नाही, मिस्टरांनी जवळजवळ उचलून नेलं. घरी कूलरसमोर ओला टॉवेल घेऊन पडले तेव्हा दोन तासांनी पाय ताळ्यावर आला. एमएसच्या पेशंटला निदान एसीत बसायला जागा द्या, एवढं मी बिलिंगला लेखी देऊन आलेय.

समोरच्या दाराला पायऱ्या आहेत. काठी किंवा व्हीलचेअर असेल तर पार्किंगच्या बाजूने या, तिकडे रॅम्प आहे आणि लिफ्टपण जवळ पडते, वॉचमनला सांगितलं की तो साखळी काढून देतो.