इंजिन उघडायला देताय? आधी जुने पिस्टन नीट पाहा

आमची २०१४ ची डिझेल डिझायर, १२४८ सीसीवाली, शोरूममधून काढली तेव्हापासून आमच्याचकडे, १ लाख ४० हजार किलोमीटर झाले तोवर बॅटरी, टायर, क्लच सोडून काही खर्च नाही. मागच्या मे महिन्यात अमरावतीहून दुपारी परत येऊन राहिलो होतो, बाहेर ४५ डिग्री, एसी फुल, आणि कोंढाळीच्या पुढे डॅशबोर्डवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. इथे चूक माझी, ती कबूल करतो. तिथल्या तिथे गाडी बंद करायची, पण पोरगं मागे झोपलेलं, रस्त्यावर सावली नाही, म्हटलं पुढच्या धाब्यापर्यंत तरी नेऊ. सहा-सात किलोमीटर तशीच दामटली. रेडिएटरचा पाईप फाटून पाणी सगळं गेलं होतं. ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, एवढं तापलं की वाकतं, त्याखालचं सील, हेड गॅस्केट, जातं, हे ज्ञान मला टोचन लावून नागपूरला आल्यावर मिळालं.

गॅरेज घराजवळचं, ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं, नाव लिहीत नाही. माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू. म्हणाला, "भाऊ, हेड फेसिंग करावं लागते, बोअर घासला आहे, चारही पिस्टन ओव्हरसाईज टाकू, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन, इंजिन झिरो करून देतो." म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर घासून सपाट करायचं, झिजलेले सिलिंडर (बोअर) थोडे मोठे करून त्यात तेवढेच मोठे पिस्टन बसवायचे. ७२ हजार. पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा, मग मी पण हुशारी केली आणि कच्च्या पावतीवर तयार झालो. ३० हजार फोनवरून ॲडव्हान्स, बाकी नगदी. मधे एकदा व्हॉट्सॲपवर उघड्या इंजिनाचा फोटो आला, मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, जसं काही ऑपरेशन चालू आहे. तो फोटो कोणाच्या गाडीचा होता देव जाणे.

अठरा दिवसांनी गाडी मिळाली. सोबत तेलाच्या कापलेल्या पिप्यात चार जुने पिस्टन, "हे घ्या तुमचा माल, आपल्याकडे सगळं खुलं असते." हे पाहून मी तर फिदाच झालो. पिपा गॅलरीत ठेवला.

पावसाळाभर गाडी ठीक चालली, फक्त ॲव्हरेज २० वरून १५-१६ वर आलं, तो म्हणे नवीन इंजिन आहे, सेट होऊ द्या. डिसेंबरमध्ये पहाटे रामटेकला निघालो, काच धूसर व्हायला लागली म्हणून बायको म्हणाली हीटर लाव नं. लावला. मनसर आलं तरी हवा थंडीच. अर्धा-पाऊण तास पळालेल्या गाडीचा हीटर गार कसा? तेव्हा पहिल्यांदा डोक्यात किडा वळवळला. मग ओबीडीचं डोंगल, म्हणजे इंजिनाचे आकडे मोबाईलवर दाखवणारं यंत्र, आणून जोडलं तर हायवेवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान ६०-६५ च्या वर चढेना, जिथे ९० च्या आसपास पाहिजे. सकाळी पांढरा धूर सुरू झाला, कूलंटची बाटली दर आठवड्याला खाली, आणि ऑइलचं झाकण काढलं तर आतून दुधाच्या चहावर येते तशी साय, ऑइलमध्ये पाणी जात असल्याची खूण.

दुसऱ्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी आधी थर्मोस्टॅटचं घर उघडलं, आत थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नाही! काढूनच टाकलेला. म्हणजे पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहते, गाडी तापायची खोड काही दिवस झाकली जाते आणि गिऱ्हाईक खुश. मग हेड उतरवलं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली, फट मोजायच्या फीलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पान मधल्या दोन सिलिंडरच्या मधून आरपार गेलं. फेसिंग झालंच नव्हतं. वाकडं हेड, नवीन गॅस्केट, वरून बोल्ट आवळलेले, बस.

मी म्हटलं, काका, पिस्टन तरी नवे आहेत नं? त्यांनी एका पिस्टनवरचा कोळसा कपड्याने पुसला, वरती ओव्हरसाईजचा कुठलाच आकडा नाही. मी म्हटलं पण जुने तर माझ्याकडे आहेत! स्कूटरवर घरी जाऊन पिपा घेऊन आलो. काकांनी एक पिस्टन हातात घेतला, अंगठा वरून फिरवला आणि हसायलाच लागले. डिझेलच्या पिस्टनच्या डोक्यावर वाटीसारखा खोल खड्डा असतो, डिझेल तिथे फवारलं जाते. माझ्या पिप्यातले चारही वरून जवळपास सपाट. पेट्रोल गाडीचे. सात महिने मी कोणत्या तरी दुसऱ्याच गाडीचे पिस्टन सांभाळून राहिलो होतो आणि पाहुण्यांना दाखवून राहिलो होतो.

पहिल्याकडे गेलो तर तो म्हणे, "पोरांनी चुकून दुसरे दिले असतील, आणि मधे गाडी तुम्ही दुसऱ्याकडे खोलली, आता माझी काय गॅरंटी?" आणि खरं सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला, वकील मित्राला विचारलं. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येते, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी पण नाही, पण कागद काय तर ३० हजारांचा एक स्क्रीनशॉट आणि वहीच्या पानावर "इंजन काम ७२०००". मित्र म्हणाला, उघडायच्या आधी त्याला लेखी नोटीस द्यायला पाहिजे होती आणि उघडताना व्हिडिओ. तक्रार टाकली आहे, पाहू.

तर बाबांनो, जीएसटी वाचवायच्या फंदात पडू नका. हेड आणि बोअर घासून देणाऱ्या लेथवाल्याकडे स्वतः जा, त्याचं बिल वेगळं मागा, नव्या पिस्टनच्या डब्यावरचा आकडा आणि पिस्टनवरचा आकडा बसवायच्या आधी जुळवून फोटो काढा. जुने पार्ट घरी आणू नका नुसते, त्याच्यासमोरच उलटेसुलटे करून पाहा, कळत नसेल तर कळणाऱ्याला नेऊन पाहा.

काकांनी ८१ हजारात काम करून दिलं, प्रत्येक पार्टच्या बिलासकट. गाडी आता चांगली आहे, काकांवर पूर्ण भरवसा आहे. गाडीवर नाही, हीच गंमत. गाणी लावत नाही, इंजिनाचा आवाज ऐकत चालवतो. डोंगल काढलेलं नाही, ९२ चे ९५ झाले की पाय आपोआप उचलला जातो. सासुरवाडीला अमरावतीला एसटीने जातो, बायको काही बोलत नाही, पण तिनेही एकदा तरी गाडीने जाऊ म्हटलेलं नाही.

परवा एक जण गाडी पाहायला आला होता. बोनेट उघडायच्या आधीच त्याने विचारलं, "इंजिन खुललं आहे का?" मी म्हटलं, दोनदा, आणि बिलांची फाईल आणायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर तो चप्पल घालून राहिला होता.