एडी गार्सियांचा एकच सिनेमा बघायचा असेल तर

सत्तर वर्षांत एडी गार्सिया या फिलिपिनो नटाने सिनेमे आणि मालिका मिळून सहाशेच्या वर कामं केली. फिलिपिनो सिनेमाकडे नव्याने वळणाऱ्या माणसाने एवढ्या ढिगातून नेमका कुठला सिनेमा उचलायचा? मला कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगतो, 2012 चा 'ब्वाकाव' आणि 2018 चा 'एमएल'. पहिला आला तेव्हा गार्सिया 83 वर्षांचे होते, दुसरा आला तेव्हा 89 वर्षांचे. दोन्हींसाठी त्यांना फिलिपाईन्समधल्या सिनेमालाया चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. पण दोन्ही सिनेमांचा पिंड इतका वेगळा आहे की चुकीच्या दिवशी चुकीचा लावलात, तर या माणसाशी तुमची ओळख व्हायची राहूनच जाईल. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी त्यांच्याबद्दल थोडं. जन्म 2 मे 1929 चा, बिकोल भागातल्या सोरसोगोनचा. सिनेमात येण्याआधी ते फिलिपाईन स्काउट्स या अमेरिकी लष्कराच्या फिलिपिनो दलात सैनिक होते आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर जपानमधल्या ओकिनावालाही तैनात होते. 1949 मध्ये कॅमेऱ्यासमोर आले ते शेवटपर्यंत तिथेच राहिले. भरदार खर्जातला आवाज, ताठ कणा आणि बारीक होणारे डोळे. दिग्दर्शकांनी या भांडवलावर त्यांना वर्षानुवर्षं खलनायक केलं. पुढे ते स्वतःही दिग्दर्शक झाले. नोरा ऑनर या अभिनेत्रीला घेऊन 1978 मध्ये मोलकरणीच्या आयुष्यावर 'अत्साय' केला, 1980 च्या दशकात एकामागून एक कौटुंबिक सिनेमे दिले. फामास या तिथल्या जुन्या आणि मानाच्या पुरस्काराने त्यांना नायक, सहायक अभिनेता आणि दिग्दर्शक अशा तिन्ही विभागांत 'हॉल ऑफ फेम'मध्ये बसवलं. तिन्हींत हा मान मिळवणारे ते पहिलेच. इंडस्ट्रीत सगळे त्यांना 'मानोय' म्हणत. बिकोल भाषेत याचा अर्थ मोठा भाऊ, आपल्याकडचा दादा.

आता 'ब्वाकाव'. जून रोब्लेस लाना यांचा हा सिनेमा सान पाब्लो नावाच्या छोट्या शहरात घडतो. रेने हा तिथला म्हातारा पोस्टात जातो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतो आणि घरी येऊन मरणाची वाट बघतो. तो समलिंगी आहे. हे त्याने स्वतःशी आणि जगाशी कबूल केलं ते थेट उतारवयात, त्यामुळे प्रेमाचं वय निघून गेलं ही सल त्याच्या प्रत्येक खेकसण्यामागे आहे. मरणाची तयारी त्याने चोख करून ठेवली आहे. शवपेटी घेतलेली आहे. मृत्युपत्र चर्चमधल्या पाद्र्याकडे दिलेलं आहे, आणि कुणावर राग आला की तो ते जाऊन बदलतो. घरातल्या वस्तू खोक्यांत भरून त्यावर ज्याला त्याला द्यायची नावं लिहिलेली आहेत.

या खोक्यांपाशी मी थांबणार आहे. हा सिनेमा मी आईबरोबर पाहिला. ती फिलिपिनो सिनेमा पहिल्यांदाच बघत होती आणि सबटायटल वाचायचा तिला कंटाळा. पण नावं लिहिलेली खोकी दिसली आणि ती सरळ बसली. म्हणाली, "माझ्या कपाटातल्या डब्यात पण चिठ्ठ्या आहेत, तुला ठाऊक नाही." मला खरंच ठाऊक नव्हतं. कुठली बांगडी कुणाला, पैठणी कुणाला, सगळं तिने लिहून ठेवलं होतं. त्यानंतर आम्ही सिनेमा थांबवून अर्धा तास बोलत बसलो. एरवी जे बोलणं आम्ही दोघंही टाळत होतो, ते त्या रात्री अगदी सहज झालं. म्हणून या सिनेमाबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही.

ब्वाकाव हे कुत्रीचं नाव, अर्थ अधाशी किंवा खादाड. रेनेच्या मागेमागे फिरणारी ही भटकी कुत्री त्याची एकमेव सोबत. ती आजारी पडते आणि म्हातारा तिला घेऊन डॉक्टरकडे धावतो. त्या धावपळीत सोल नावाच्या ट्रायसिकलवाल्याशी त्याची मैत्री जमते. तीनचाकी भाड्याची गाडी चालवणारा हा रांगडा गडी. रेनेच्या मनात पालवी फुटते, तो केस रंगवतो, नीटनेटका होतो. पुढे एकदा तो मर्यादा ओलांडतो आणि ती मैत्री तुटते. कुत्रीचं काय होतं, हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण प्राणी पाळणाऱ्यांना ते माहीत असायला हवं. ती जाते. ज्यांच्या घरातलं जनावर नुकतंच गेलंय त्यांनी एवढ्यात हा सिनेमा लावू नये.

गार्सियांनी इथे काय केलंय ते बघण्यासारखं आहे. साठ वर्षं लोकांना धाक दाखवणारा तोच चेहरा, तोच आवाज. पण रेने खेकसतो तेव्हा भीती वाटत नाही, पोटात कालवतं. रागाच्या जागी त्यांनी घाबरलेपण ठेवलंय, आणि ते कुठेही रडून दाखवलेलं नाही. 2013 मध्ये हाँगकाँगच्या एशियन फिल्म अवॉर्ड्समध्ये या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. देशाने ऑस्करसाठी पाठवलेला सिनेमाही त्या वर्षी हाच होता.

'एमएल' हा बेनेडिक्ट मिके यांचा सिनेमा आहे. नाव म्हणजे मार्शल लॉ, लष्करी कायदा. कॉलेजातल्या एका मुलाला अभ्यासासाठी त्या काळात जगलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची असते. मुलाला मनातून तो काळ शिस्तीचा वाटतो. तो एका निवृत्त कर्नलकडे जातो. मेट्रोकॉम या राजधानीतल्या पोलीस-लष्करी दलातला हा माणूस. बोलता बोलता म्हाताऱ्याच्या हातून वर्तमान निसटतं. त्याच्या लेखी अजून सत्तरचं दशक चालू आहे आणि समोर बसलेला मुलगा सरकार उलथवायला निघालेला कार्यकर्ता आहे. त्यानंतर तो मुलगा आणि त्याचे मित्र-मैत्रीण यांचा छळ सुरू होतो, आणि कॅमेरा फारसा नजर फिरवत नाही.

हा सिनेमा समजायला थोडा इतिहास लागतो. फिलिपाईन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला, तो कागदोपत्री जानेवारी 1981 मध्ये उठला, आणि मार्कोस यांना देश सोडावा लागला तो फेब्रुवारी 1986 मध्ये, लाखो लोक रस्त्यावर उतरल्यावर. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या हवाल्याने नेहमी दिले जाणारे आकडे असे: सुमारे 70,000 जणांना तुरुंगवास, 34,000 जणांचा छळ, 3,240 जणांचा मृत्यू. एवढं होऊनही नोव्हेंबर 2016 मध्ये मार्कोस यांचा देह वीरांच्या दफनभूमीत पुरला गेला आणि तो काळ सुवर्णकाळ होता असं मानणारी तरुण पिढी तयार झाली. सिनेमातला मुलगा त्या पिढीचा आहे. हे माहीत नसेल तर 'एमएल' नुसता अंगावर येणारा भयपट वाटेल, आणि तसं वाटणं हे त्याचं नुकसान आहे.

अभिनयाच्या तराजूत ठेवलं तर? माझ्या मते 'ब्वाकाव'मधलं काम मोठं आहे. रेनेला उतार-चढाव आहेत, त्याला चुका करता येतात, लाजता येतं. कर्नल एकदा घसरला की त्याच एका रेषेवर राहतो. पण त्या रेषेवर गार्सियांनी जे धरून ठेवलंय ते भयंकर आहे. हा माणूस स्वतःला वाईट समजतच नाही. आपण नोकरी चोख बजावतोय अशी त्याची खात्री आहे. पडद्यावर आयुष्यभर वाईट माणसं रंगवलेल्या नटालाच हे इतकं साधेपणाने करता येतं असं मला वाटतं. पटकथा म्हणून मात्र 'एमएल' कमकुवत आहे. तरुण पात्रं पातळ आहेत, छळाचे प्रसंग काही ठिकाणी गरजेपेक्षा लांबलेत. 'ब्वाकाव'मध्ये वेग कमी आहे, पण फुकट गेलेला प्रसंग मला सापडला नाही.

घरात आई-वडील, आजी-आजोबा असतील आणि सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर डोळे मिटून 'ब्वाकाव'. समलिंगी म्हाताऱ्याची गोष्ट मोठ्यांसमोर कशी लावायची असा संकोच काहींना वाटेल. माझा अनुभव सांगतो, पंधरा मिनिटांत तो प्रश्न उरत नाही, उरतो तो एकटा पडलेला माणूस. कॉलेजातल्या मुलांचा गट असेल, नंतर चर्चा करायची असेल, किंवा आणीबाणी आणि हुकूमशाही यांवर तुमचं वाचन चालू असेल तर 'एमएल' घ्या. मुलं लहान असतील, किंवा पडद्यावरची हिंसा तुम्हाला झोपू देत नसेल, तर तो घेऊच नका. त्यात काही कमीपणा नाही.

दोन्ही बघून झाल्यावर आणखी हवं वाटलं तर 1970 च्या सुमाराचा लिनो ब्रोका यांचा 'तुबोग सा गिंतो' शोधा. नावाचा अर्थ सोन्याचा मुलामा दिलेलं. त्यात गार्सिया एका श्रीमंत, विवाहित माणसाच्या भूमिकेत आहेत. हा दॉन बेनितो आपलं समलिंगी असणं लपवत जगतो आणि त्याचा ड्रायव्हर त्यावरून त्याला नाडतो. त्या काळी तिथल्या कुठल्याही नायकाने हात लावला नसता अशी ती भूमिका. चाळीस वर्षांनी याच नटाने रेने केला, तेव्हा लपवणारा माणूस म्हातारा होऊन कबुली देतोय असं वाटतं. सुरुवात मात्र यापासून करू नका. जुनी प्रत, जुनी नाट्यमय शैली, नवख्याला जड जाते.

आता त्यांच्या शेवटाबद्दल, कारण वारसा म्हणताना फक्त सिनेमे मोजून चालणार नाही. 8 जून 2019 रोजी मनिलातल्या तोंदो भागात एका मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. नव्वद वर्षांचे गार्सिया मारामारीचा प्रसंग करत होते. जमिनीवर पसरलेल्या वायरीत पाय अडकून ते पडले, मानेचं हाड मोडलं. शुद्ध परत आलीच नाही. 20 जूनला ते गेले. सेटवर सुरक्षेची नीट व्यवस्था का नव्हती, हा प्रश्न तेव्हा पेटला आणि विझला नाही. 24 मे 2024 रोजी 'एडी गार्सिया कायदा' मंजूर झाला. काम सुरू होण्याआधी लेखी करार, दिवसाचे आठ तास हे नेहमीचं काम, जादा कामाला वेगळा मोबदला आणि आठवड्याला 60 तासांची कमाल मर्यादा, शिवाय सेटवरच्या सुरक्षेची जबाबदारी निर्मात्यावर. स्पॉटबॉय, लाइटमन, मेकअपवाले, सगळे त्यात आले. नटाच्या नावाने रस्ते होतात, सभागृहं होतात. वायर ओढणाऱ्या पोराच्या कामाचे तास ठरवणारा कायदा एका नटाच्या नावाने व्हावा, यापेक्षा मोठं स्मारक मला सुचत नाही.

त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही आहे ती फर्डिनांड मार्कोस ज्युनियर यांची, म्हणजे ज्यांच्या राजवटीवर 'एमएल' बेतलाय त्यांच्या मुलाची. हे कळल्यावर मी 'एमएल' पुन्हा लावला होता, आणि सिनेमातल्या कॉलेजच्या मुलाच्या तोंडचं शिस्तीचं कौतुक या खेपेला जास्त टोचलं.

तेव्हा माझा कौल असा. एकच बघणार असाल तर 'ब्वाकाव'. दोन्ही बघणार असाल तरीही आधी 'ब्वाकाव'च, कारण रेनेवर जीव जडल्यानंतर तोच चेहरा कर्नलच्या गणवेशात बघणं हा धक्का फार खोल जातो. उलट क्रमाने बघितलंत तर रेनेच्या पहिल्या खेकसण्यापासून तुम्ही त्याच्याकडे संशयाने बघाल, आणि त्या म्हाताऱ्यावर अन्याय होईल. मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवा. 'एमएल' दुपारी लावा, आणि नंतर बोलायला घरात कुणीतरी असू द्या.