अस्सल पदवीवर बनावट शिक्का

माझी पदवी खरी आहे. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजात नियमित शिकून मिळवलेली. तरीही २०२३ साली संयुक्त अरब अमिरातीतल्या (यूएई) शारजात माझ्या हातातला कागद बनावट ठरला. वाशीतल्या एका अटेस्टेशन (साक्षांकन) करून देणाऱ्या एजंटाने त्या खऱ्या पदवीच्या पाठीवर खोटे शिक्के मारून दिले होते. तो माणूस नंबर बदलून अजून हाच धंदा करतो आहे आणि आता जर्मनी, कॅनडाच्याही जाहिराती टाकतो, असं कळल्यावर मला गप्प बसवेना.

आधी हे शिक्के कशासाठी लागतात ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथेच होते. आपलं कॉलेज, आपलं बोर्ड तिकडच्या कंपनीला माहीत नसतं. म्हणून भारतातली पदवी यूएईमध्ये चालायची तर तिला साखळीतून जावं लागतं. आधी विद्यापीठ पडताळणी करतं, मग राज्य सरकार म्हणजे आपल्याकडे मंत्रालयातला उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. प्रत्येक कचेरी फक्त आधीच्या सहीची खात्री देते. पदवी खरी आहे हे एकटं विद्यापीठच सांगू शकतं, कारण नोंदवही त्याच्याकडे आहे. पहिली कडी खोटी असली तर पुढच्या सगळ्या शिक्क्यांना काडीची किंमत नाही.

मी लोट्याच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. तिथला जुना सहकारी शारजात गेला होता, त्याने त्याच्या कंपनीत माझं नाव सुचवलं. ऑनलाइन मुलाखत झाली, ऑफर लेटर आलं. केमिस्टच्या हुद्द्याच्या व्हिसाला अटेस्टेड पदवी लागते, ती घेऊनच या, असं कंपनीने कळवलं. गावातल्या एका आखातातून आलेल्या माणसाने वाशीतल्या एजंटाचा नंबर दिला.

ऑफिस व्यवस्थित होतं. काचेचं दार, भिंतीवर देशोदेशीचे झेंडे, टेबलावर पासपोर्टांची चळत. तो म्हणाला, “सर, तुम्ही फक्त ओरिजिनल द्या, बाकी माझ्यावर सोडा. कलिन्याला विद्यापीठात जायला नको, मंत्रालयात जायला नको. तीन आठवड्यांत डिग्री घरपोच.” चोवीस हजार रुपये सांगितले, अर्धे आधी. पैसे जीपेवर घेतले, पण खात्यावर नाव कुणा बाईचं. पावती म्हणून लेटरहेडवर ‘डॉक्युमेंट्स रिसीव्ह्ड’ एवढंच लिहून दिलं. कुठले कागद, किती, त्यांचे क्रमांक काय, काही नाही.

पदवीबरोबर त्याने दहावी-बारावीची गुणपत्रकंही ठेवून घेतली. “उद्या फॅमिली न्यायची वेळ आली तर लागेल, एकदमच करून टाकू,” म्हणाला. यूएईत माझ्या हुद्द्याला दहावीचं अटेस्टेशन लागतच नव्हतं, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. कागद जास्त ठेवले की माणूस अडकतो, एवढाच त्यामागचा हिशेब. त्यातून माझ्या दहावीच्या गुणपत्रकाला बाबांनी निकालाच्याच आठवड्यात एसटी स्टँडजवळच्या दुकानातून लॅमिनेशन करून घेतलं होतं. आपल्याकडे घरोघरी हे करतात, कागद जपावा म्हणून. पण लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, ते काढावं लागतं. त्याचे वेगळे दोन हजार सांगितले. ते दिले नाहीत तोवर पदवीही देईना. परत आलेल्या गुणपत्रकावरची शाई प्लॅस्टिकबरोबर निघाली होती. बैठक क्रमांक आणि गणिताचे गुण वाचताच येत नव्हते. ते बोर्डाकडून पुन्हा काढता येतं, पण बाबा तो कागद हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत.

पदवी मात्र देखणी होऊन आली. पाठीवर विद्यापीठाचा गोल शिक्का, मंत्रालयाचा चौकोनी शिक्का आणि सही, परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर, दूतावासाचं स्टिकर. कुणालाही शंका येऊ नये अशी.

कंपनीने मला व्हिजिट व्हिसावर बोलावलं होतं, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करायचा होता. कंपनीच्या सरकारी कागदपत्रांचं काम बघणारा पीआरओ मलयाळी होता, वयाने मोठा, या कामात केस पिकवलेला. त्याने पदवी हातात घेतली, उलटी केली, खिडकीजवळ नेली. मग कपाटातून दुसऱ्या एका कामगाराची पदवी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. खऱ्या स्टिकरवरचा क्रमांक ठसठशीत होता. त्याने बोट ओलं करून माझ्या स्टिकरवर फिरवलं, तर अंक फिसकटले. साध्या घरगुती प्रिंटरची शाई होती ती. मग त्याने मला मंत्रालयाच्या शिक्क्याखालची तारीख वाचायला लावली. १ मे. महाराष्ट्र दिनाला मंत्रालयात सुट्टी असते, हे त्या केरळच्या माणसाला ठाऊक होतं आणि शिक्का बनवणाऱ्याला सुचलं नव्हतं. स्टिकरचा क्रमांक आणि तारीख भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या पडताळणीत टाकून पाहिली, तर अशी नोंदच नव्हती.

तो मला हिंदीत म्हणाला की हा कागद काउंटरवर गेला असता तर तुझ्यावर पोलीस केस झाली असती. खोटा कागद खरा म्हणून सादर करणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे, तुरुंग आणि मग देशाबाहेर रवानगी. शिक्का कुणी मारला हे तिथे आधी कुणी विचारत नाही, कागद कुणाच्या हातात आहे ते बघतात. त्या माणसाने कागद काउंटरपर्यंत जाऊ दिला नाही. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एजंटाला फोन केला तर आधी म्हणाला, “सर, टेन्शन घेऊ नका, स्टिकर बदलून देतो, ओरिजिनल कुरिअर करा.” दुसऱ्यांदा बोललो तेव्हा म्हणाला की तिकडेच कुणीतरी गडबड केली असणार. त्यानंतर फोन लागला नाही.

कंपनीने केमिस्टची जागा तात्पुरती थांबवली आणि हेल्परच्या व्हिसावर राहायची तयारी आहे का, असं विचारलं. हेल्परला पदवी लागत नाही. पगार निम्म्याहून कमी. घरी कर्ज होतं, मी हो म्हटलं. माझ्याच प्रयोगशाळेत मी बाटल्या धुतल्या, नमुने आणून दिले, आणि माझं काम दुसरा करताना पाहिलं. पैसे गेल्याचं दुःख आज राहिलेलं नाही. त्या महिन्यांचं आहे.

इकडे सगळी धावपळ माझ्या ताईने केली. ती कलिन्याला परीक्षा विभागात गेली तेव्हा समजलं की माझ्या नावाने पडताळणीचा अर्ज कधी आलाच नव्हता. म्हणजे एजंट तिथे गेलाच नाही. त्याने बनवले ते घरबसल्या रबरी शिक्के. आणि सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे, हे नीट समजून घ्या. खोटा शिक्का बसलेली मूळ पदवी पुन्हा कुठे दाखवता येत नाही. तिच्या पाठीवर कुठलीही कचेरी खरा शिक्का मारणार नाही, शिवाय तो कागद पोलिसांकडे पुरावा म्हणून जमा करावा लागतो. आम्हाला विद्यापीठाकडून दुसरी प्रत घ्यावी लागली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोलीस तक्रारीची प्रत, शुल्क, असं सगळं. त्या प्रतीवर ती दुय्यम प्रत असल्याचं लिहिलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक नव्या मालकाला मूळ पदवी कुठे गेली हे मला सांगावं लागतं. पहिल्या नंबराची नसली तरी ती पदवी माझ्या घरातली पहिली होती.

खऱ्या मार्गाने काम करून घेताना खर्चाचाही उलगडा झाला. परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन विनाशुल्क आहे. अपॉस्टिल म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारं साक्षांकन, त्याला एका कागदाचे ५० रुपये. जुलै २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फत घेतं, त्यांचं थोडं सेवाशुल्क असतं. या संस्थांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. माझ्या एजंटाचं नाव तिथे नव्हतं, तरी त्याच्या पाटीवर ‘एमईए ऑथराइज्ड’, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता असलेला, असं लिहिलेलं होतं. २०१९ पासून हे काम एकट्या दिल्लीत न होता मुंबईसह इतर शहरांतही होतं, तेव्हा ‘दिल्लीला माणूस पाठवावा लागतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर आधी चौकशी करा. महाग पडतं ते दूतावासाचं शुल्क, ते काही हजारांत जातं. पुढे यूएईच्या परराष्ट्र खात्याचे १५० दिरहम, ते बहुतेक कंपनी भरते.

दुसरा एक प्रकार माझ्या ओळखीच्या शिक्षिकेच्या बाबतीत घडला. त्या मस्कतला निघाल्या होत्या. त्यांच्याकडून एजंटाने ओमानच्या दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे घेतले. ओमान २०१२ पासून अपॉस्टिल करारात आहे, भारत २००५ पासून. दोन्ही देश करारात असले की परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल पुरतं, दूतावासाची पायरीच लागत नाही. बहारीन २०१३ साली आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये करारात आले. यूएईला मात्र मी गेलो तेव्हा जुनीच साखळी लागत होती. जिथे निघालात तो देश करारात आहे का, हे हा करार करणाऱ्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत दोन मिनिटांत दिसतं. तेवढं पाहिलं असतं तर त्या बाईंचे पैसे वाचले असते, पण त्यांना ते सांगणारं कुणी भेटलं नाही. आपल्याकडे ही माहिती एजंटांच्याच तोंडून मिळते, हे खरं दुखणं आहे.

नर्स आणि लॅब टेक्निशियन म्हणून जाणाऱ्या मुलींनी तर जास्तच जपावं. आखातातली आरोग्य खाती शिक्क्यांवर थांबत नाहीत. त्यांच्या वतीने पडताळणी करणारी कंपनी थेट तुमच्या कॉलेजला, कौन्सिलला आणि जुन्या हॉस्पिटलला पत्र लिहून विचारते. अनुभवाचं पत्र एजंटाने ‘थोडं वाढवून’ दिलेलं असेल तर ते तिथे उघडं पडतं, आणि खोटेपणाचा शेरा पुढच्या अर्जातही आड येतो. दोन वर्षांचा अनुभव चार वर्षांचा करून देतो म्हणणारा माणूस तुमचं भलं करत नाही.

दहावी नापास मुलांना पास झाल्याचं गुणपत्रक विकणारेही आहेत. दहावी पास असलं की पासपोर्टला ईसीएनआर, म्हणजे ‘उत्प्रवासन मंजुरीची गरज नाही’ असा दर्जा मिळतो आणि आखाती देशांत जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही, म्हणून तो कागद विकला जातो. ती मंजुरी कामगाराच्या रक्षणासाठी आहे. तिकडे पगार थकला, मालकाने छळलं, तर सरकारकडे तुमची नोंद असते. खोट्या गुणपत्रकावर गेलेला मुलगा त्या नोंदीत नसतो, आणि पासपोर्टसाठी खोटा कागद दिल्याचा गुन्हा त्याच्याच नावावर असतो. नोकरी लावून देणारा एजंट ही आणखी वेगळी गोष्ट. त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणारा कितीही ओळखीचा असला तरी तो कायद्याबाहेर आहे.

ज्यांची पदवी आत्ता कुणा एजंटाकडे आहे त्यांनी आजच विद्यापीठात चौकशी करावी की आपल्या बैठक क्रमांकावर पडताळणीचा अर्ज आला आहे का. आला नसेल आणि तरीही एजंट पुढचे शिक्के झाले म्हणत असेल, तर ते खोटे असण्याची दाट शक्यता आहे. ज्यांच्या हातात शिक्के मारलेली पदवी आली आहे त्यांनी विमानात बसण्याआधी स्टिकरचा क्रमांक तपासावा आणि तारखा कॅलेंडरशी ताडून बघाव्यात. मूळ कागद देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पावतीवर प्रत्येक कागदाचा क्रमांक लिहून घ्या, आणि संस्थेच्या खात्यावरच पैसे भरा. अलीकडच्या वर्षांच्या पदव्या डिजिलॉकरवर असतात, तिथली प्रतही कंपनीला आधीच पाठवून ठेवा.

आमची तक्रार पोलिसांत नोंदली गेली, तेव्हा भारतीय दंड संहिता होती, म्हणून कलमं ४२०, ४६८ आणि ४७१. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या प्रकाराला भारतीय न्याय संहितेची ३१८ (४), ३३६ (३) आणि ३४० (२) ही कलमं लागतात. पोलीस आधी ‘हा पैशाचा वाद आहे’ म्हणून टाळू पाहतात. ताईने विद्यापीठाचं लेखी उत्तर पुढे ठेवलं की या पदवीची पडताळणी आम्ही केलेली नाही, तेव्हा कुठे गुन्हा लिहून घेतला. म्हणून पोलीस ठाण्यात जाण्याआधी विद्यापीठाकडून ते पत्र घ्या, सोबत व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण छापून न्या, जीपेचे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटवर दाखवा. पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. परदेशात अडकला असाल तर भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करा, आणि खोटा ठरलेला कागद रागाने फाडू नका, तोच तुमचा पुरावा आहे.