सीटीपॅटच्या वेठबिगारीविरोधी अटी: कागद तयार असतील तरच फायद्याच्या

सीटीपॅट हा आयात मालाची पुरवठा साखळी सुरक्षित ठेवण्यासाठीचा अमेरिकी सीमाशुल्क खात्याचा 2001 पासूनचा ऐच्छिक कार्यक्रम. त्याच्या ट्रेड कम्प्लायन्स (व्यापारी नियमांचं पालन) शाखेत 2022 मध्ये वेठबिगारी रोखण्याच्या अटी आल्या. फी नाही, पण सुरक्षा शाखेत आधीच सदस्य असलेल्या आयातदारालाच तिथे प्रवेश. सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराला सदस्य होता येत नाही. आयातदाराने पुरवठादारांना पाठवलेली प्रश्नावली मात्र फिरत फिरत त्याच्याच टेबलावर येते.

आचारसंहिता, प्रशिक्षण, सुधारणा योजना या अटी पुऱ्या करणं अवघड नाही. खरी कसोटी पुरवठा साखळीच्या नकाशाची, आणि कार्यक्रमाचं खरं मोलही त्यातच आहे. टॉवेल घेतला तर जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगाई, शिलाई अशा प्रत्येक टप्प्याची खरेदी ऑर्डर, बिल, पैसे दिल्याचा पुरावा, वाहतुकीचे कागद आणि उत्पादनाची नोंद लागते. गोंधळ होतो सूतगिरणीत. तिथे ठिकठिकाणच्या कापसाच्या गाठी एकत्र मिसळतात. गाठींचे क्रमांक सुताच्या लॉटला जोडलेले नसतील, तर पुढचे नीटनेटके कागदही कापूस कुठला ते सांगू शकत नाहीत. वजनाचा मेळही बसला पाहिजे: घेतलेला कापूस वजा घट, म्हणजे तयार झालेलं सूत.

मोबदल्यात काय? माल अडला तर सदस्याची कागदपत्रं आधी तपासली जातात आणि निर्णय होईपर्यंत माल बाँडेड (सीमाशुल्काच्या देखरेखीखालच्या) गोदामात हलवता येतो. बंदरातलं भाडं पाहता ही सवलत मोठी आहे.

अमेरिकेच्या वेठबिगारीविरोधी कायद्यातून सूट मात्र मिळत नाही. 21 जून 2022 पासून चीनच्या शिनजियांग प्रांताशी संबंध असलेला माल, उलट सिद्ध होईपर्यंत, वेठबिगारीचा आहे असंच गृहीत धरतात. अडवल्यावर उत्तराला मुदत 30 दिवसांची, आणि तेवढ्यात गाठींपर्यंतचे कागद नव्याने गोळा होत नाहीत. सामाजिक ऑडिटचं (कामगारांच्या स्थितीच्या तपासणीचं) प्रमाणपत्र तिथे पुरत नाही. 2020 मध्ये काही मोठ्या ऑडिट कंपन्यांनीच शिनजियांगमधलं काम बंद केलं.

प्रश्नावलीत कामगारांची बाजू फार उथळपणे येते, ही सर्वांत खटकणारी उणीव. कर्जात अडकवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वेठबिगारी ओळखण्यासाठी दिलेल्या 11 खुणांपैकी एक. मुकादमाने किती उचल दिली, ती मजुरीतून कशी कापली, ओळखपत्रं कोणाकडे आहेत, हे मजुराला कारखान्याबाहेर, मुकादमाच्या गैरहजेरीत विचारायला हवं. आयातदारांनी ही विचारपूस आणि गाठी-लॉट नोंदी या दोन्ही अटी ऑर्डर देतानाच करारात घालाव्यात.