‘चार टनी’ लिफ्ट, 1,32,840 रुपये आणि 24 नंबरचं बिल

आकडा आधी लिहितो, लपवून उपयोग नाही. बुकिंगचे 11,000, अ‍ॅडव्हान्सचे उरलेले 63,340, ‘डिस्पॅच’च्या आदल्या दिवशी 50,000 आणि वाहतुकीचे 8,500. एकूण 1,32,840 रुपये. रो-हाउसच्या पार्किंगमध्ये गाडी उचलण्यासाठी नवीकोरी टू-पोस्ट (दोन खांबांची) हायड्रॉलिक लिफ्ट म्हणून हे पैसे गेले आणि दारात आलं रंग मारलेलं भंगार. फरशी फोडून काँक्रीट घातलं त्याचे 31,600 आणि माल उतरवायला हायड्रा क्रेन बोलावली तिचे 3,500 वेगळेच.

असा माल विकणारी मंडळी कशी बोलतात ते नव्याने सांगायला नको. शेवटचा पीस, मार्च एंडचा भाव, ‘साहेब तुमच्यासाठी म्हणून’. ते सगळं झालं. मला सांगायचंय ते कागदाबद्दल आणि लोखंडाबद्दल, कारण दोन्हींनी मला वेळेत सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

कोटेशन होतं उचलण्याची क्षमता 4 टन, सिंगल फेज, खाली बेस प्लेट, 1,26,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 1,48,680. प्रोफॉर्मावर, म्हणजे आगाऊ बिलावर, ठळक पत्ता ‘अंबड एमआयडीसी, नाशिक’. खाली बारीक अक्षरात जीएसटी नंबर, आणि त्याचे पहिले दोन आकडे 24. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 24 म्हणजे गुजरात. मी विचारलं, तर विकणारा म्हणाला, ‘हेड ऑफिस तिकडे आहे, साहेब.’ पटण्यासारखं उत्तर. पण त्याच कागदावर कर लावला होता सीजीएसटी 11,340 आणि एसजीएसटी 11,340, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर. माल गुजरातच्या नंबरावरून नाशिकला येत असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागतो, सरळ 22,680. आणि अंबडमधून निघत असेल तर नंबर 27 चा हवा. म्हणजे कागद स्वतःच स्वतःला खोटं पाडत होता. माझ्या डोळ्यांसमोर, एकाच पानावर, चार ओळींच्या अंतरात. रात्री साडेदहाला मोबाइलवर पीडीएफ पाहिली, अंगठ्याने वर सरकवली आणि बेरीज बरोबर आहे ना एवढं बघितलं. बेरीज बरोबर होती!

जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही कुणाचाही नंबर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम, ते मी पैसे गेल्यावर सहा आठवड्यांनी केलं. नंबर निघाला कापडाच्या एका व्यापाऱ्याचा, तोही रद्द झालेला. त्या बिचाऱ्याला बहुतेक पत्ताही नसेल. बँक खातं बचतीचं, एका व्यक्तीच्या नावाचं. ‘प्रोप्रायटरचं खातं आहे’ म्हणे. फर्मच्या नावाने बिल आणि माणसाच्या नावाने खातं असेल तर एक रुपयाही पाठवू नका. लहान वर्कशॉपवाले अनेक जण असंच खातं वापरतात, म्हणून मला खटकलं नाही, हे माझं समर्थन. ते लंगडं आहे, मला माहीत आहे.

आणखी एक. त्याने छताची उंची विचारलीच नाही. लिफ्ट विकणारा खरा माणूस भाव सांगायच्या आधी विचारतो: स्लॅबखाली नाही, बीमखाली किती उंची आहे? रुंदी किती? फरशीखाली काय आहे? फेज कोणता? सगळ्यात जड गाडी कोणती? याने विचारलं ते फक्त ‘पेमेंट आज होईल का?’

उंचीचं गणित साधं आहे. माझ्याकडे बीमखाली 9 फूट 4 इंच, म्हणजे 2,845 मिमी. एर्टिगा 1,690 मिमी उंच. वजाबाकी 1,155, वर शंभरेक मिमीची मोकळीक सोडली की गाडी उचलता येते 1,050 मिमी. म्हणजे कागदावर 1,800 मिमी लिफ्टिंग हाइट असली तरी आपल्या कामाची पहिली मीटरभरच. एवढीच उंची मिळणार असेल तर मिड-राइज सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत मीटरभर उचलणारी) घ्यावी असं पुष्कळ जण सांगतील, आणि ब्रेक, टायर, सस्पेन्शन एवढंच काम असेल तर ते बरोबर आहे. तिला अँकर, म्हणजे जमिनीत ठोकायचे बोल्ट, फारसे लागत नाहीत, बाजूला सरकवता येते. पण तिचा सांगाडा गाडीच्या पोटाखाली मधोमध येतो, त्यामुळे गिअरबॉक्स आणि सायलेन्सरला हात घालायला जागा राहत नाही. टू-पोस्टला पोट मोकळं मिळतं. म्हणून टू-पोस्ट. निवड चुकली नाही, माणूस चुकला.

पाया मी स्वतः उभा राहून करून घेतला, त्याबद्दल मात्र पश्चात्ताप नाही. आपल्याकडच्या बहुतेक रो-हाउसमध्ये पार्किंगच्या फरशीखाली दोन-तीन इंच पीसीसी (सळ्या नसलेलं काँक्रीट), त्याखाली मुरूम आणि नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे तर त्याखाली काळी माती. तिच्यावर अँकर ठोकायचा म्हणजे वाळूत खुंटी. फरशीच्या वरून अँकर मारू देणारा फिटर दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दोन्ही कॉलमखाली 4 बाय 4 फुटांचे, फूटभर खोल खड्डे घेतले, 10 मिमीच्या सळ्यांची जाळी 6 इंचांवर, एम 25 काँक्रीट, सात गोणी सिमेंट, पाणी मारत 28 दिवस. बेस प्लेट म्हणजे दोन कॉलम जोडणारी आडवी पट्टी. तिच्यातून तेलाचा होज पाइप आणि वायर रोप जातो, ती कॉलमचा भार घेत नाही. ‘बेस प्लेट आहे म्हणजे पाया नको’ असं मलाही सांगितलं होतं. साफ खोटं.

आता माल. बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याच्या पावतीवर, वजन 460 किलो, त्याच्याच कोटेशनमध्ये 680. हे ट्रक दारात असताना दिसलं होतं. ड्रायव्हर घाईत, हायड्राचं मीटर चालू, मी सही केली. वजन जुळत नसेल तर सही करू नका, करावीच लागली तर बिल्टीवर ‘वजन कमी, माल तपासला नाही’ असं पेनने लिहून करा. या पाच शब्दांची किंमत पुढे कळते.

कॉलमच्या पत्र्याला जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. कोटेशनमध्ये 6 मिमी, आला 4.2, त्यात रंगाचे थर धरून. रंग कुठे कुठे लागलाय ते बघा, सगळं कळतं. नव्या वायर रोपला कुणी रंग मारत नाही, तिला ग्रीस असतं. इथे दोन्ही कॅरेज (कॉलमवर सरकत गाडी उचलणारे भाग) समांतर ठेवणाऱ्या रोपवर निळा रंग होता. नखाने खरवडला तर खाली तुटलेल्या तारा, एका जागी सात मोजल्या. होज पाइपवर बनल्याची तिमाही आणि साल छापलेलं असतं, ते पुसायचं राहून गेलं होतं: 3क्यू13. म्हणजे ‘2024 मॉडेल’च्या अंगात 2013 चा होज. कपॅसिटी प्लेटच्या जागी स्टिकर, आणि स्टिकरखाली रिव्हेटची चार भोकं.

सगळ्यात हुशारीची फसवणूक सिलिंडरमध्ये होती. कोटेशनमध्ये ‘सिलिंडर 63 मिमी’. टेप लावला तर बाहेरून बरोबर 63. खूश झालो. सील गळायला लागलं म्हणून खोललं, तेव्हा कळलं की आतला व्यास 50 आहे आणि नळीची जाडी साडेसहा. तेल दाबतं ते आतून, बाहेरून नाही. 50 मिमीचं क्षेत्रफळ 19.6 चौ. सेंमी. 160 बारला एका सिलिंडरची ताकद साधारण 3,200 किलो, दोन्हींची 6,400. पण अशा चेनच्या लिफ्टमध्ये कॅरेज सिलिंडरच्या दुप्पट सरकते, म्हणून उचलण्याची ताकद निम्मी: 3,200, घर्षण धरलं की त्याहून कमी. आतून 63 असतं तर हाच हिशेब पाच टनांवर गेला असता. ‘4 टन’ हे फक्त स्टिकरवर होतं.

मोटरच्या प्लेटवर 415 व्होल्ट, थ्री फेज. बाजूला डब्यात कपॅसिटर घालून ती सिंगल फेजवर ओढली होती. चालते, पण पूर्ण ताकद देत नाही आणि तापते. तिसऱ्या वेळी कॅरेज वर नेताना मोटरला हात लावता येईना. खरी 2.2 किलोवॅटची सिंगल फेज मोटर सुमारे 15 अँपिअर घेते, सुरू होताना कितीतरी पट जास्त. म्हणून तिला 4 चौ. मिमीची तांब्याची वायर आणि सुरुवातीचा झटका सोसणारी सी-कर्व्ह एमसीबी लागते. घरातला साधा पॉवर पॉइंट नाही.

आणि लॉक. लिफ्ट वर जाताना दोन्ही कॉलममधून टक-टक ऐकू आलं पाहिजे. इथे डावीकडूनच येत होतं. उजवीकडच्या पॉलचा, म्हणजे लॉकच्या खटक्याचा, दात गोल झालेला. गाडी 40 सेंमी उचलून टेप लावला तर दोन बाजूंत 35 मिमीचा फरक. तिथेच खाली घेतली, परत उचलली नाही. गाडीखाली जायच्या आधी दोन्ही लॉकवर भार बसवायचाच, तेलाच्या भरवशावर कधीच नाही. इथे बसवायला लॉकच एक.

पुढची कथा कार्यालयांची. ठाण्यात पहिला प्रश्न: ‘माल आला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी आहे हे, कोर्टात जा.’ मी व्हर्निअर दाखवला, तर साहेबांनी तो हातात घेऊन उघडझाप केली आणि परत दिला. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय म्हणजे सायबर नाही, ठाण्यात जा. दुसऱ्या ठाण्यात गेलो तर हद्द विचारली. हद्द कसली? पैसे माझ्या घरातून गेले, माल माझ्या घरी आला. बँकेत सांगितलं, तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्क्याला तीन दिवस. अर्ज चार वेळा लिहिला, एकदा मार्जिन कमी म्हणून! आवक शिक्का मागितला तर ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ नाही. एकावर ठेवला होता, त्याचे 1,32,840 झाले.

जुना माल नवा म्हणून खोट्या नंबरावर विकणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये बसतं, ते नुसतं दिवाणी नाही. आणि हद्दीच्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा झिरो एफआयआर त्यासाठीच आहे. ठाण्याने घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याला लेखी पाठवा, रजिस्टर्ड पोस्टाने. पावती मिळते, तिच्यावर शिक्का असतो आणि तो मागायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. नुसते पैसे गेले आणि माल आलाच नाही अशी केस असेल तर त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. दुसऱ्या दिवसापर्यंत खात्यात काही उरत नाही.

मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि आपण राहतो तिथे दाखल करता येतं. इथे एका गोष्टीत नशिबाने वाचलो. तो म्हणत होता, ‘बिल फर्मच्या नावावर घ्या, इनपुट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल.’ घेतलं असतं तर समोरच्याने पहिल्याच तारखेला ‘हा ग्राहक नाही, धंद्यासाठी घेतलंय’ म्हणून हात वर केले असते. घरासाठी घेताय तर बिल स्वतःच्या नावावर.

भंगारवाला 31 रुपये किलोने न्यायला तयार आहे, 14,260 होतात. वकील म्हणाले, हलवू नका, तोच पुरावा आहे. म्हणून दोन निळे कॉलम पार्किंगमध्ये उभे आहेत आणि गाडी रस्त्यावर उन्हात. ठरलेल्या रकमेतले 24,340 बसवून झाल्यावर द्यायचे होते, ते अजून माझ्याकडे आहेत. त्याचा नंबर दोन महिने बंद होता. परवा अचानक व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज आला: ‘सर, बॅलन्स क्लिअर केला तर इंजिनिअर पाठवतो.’