बोटाला चिमटा लावून ‘व्हीओटू मॅक्स’: माझे 4,750 गेले, तुमचे वाचवा

यवतमाळ-वाशीमकडच्या भरतीवाल्या पोरांनो, हे वाचा. भरतीच्या एका शिबिरात मला असं लुटलं: नोंदणी 300, ‘स्पोर्ट्स सायन्स चाचणी’ 1,800, ‘दम वाढवणारी’ पावडर 2,650. एकूण 4,750 रुपये, तेही कापसाच्या चुकाऱ्यातले.

धंद्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे: तालुक्याचं मंगल कार्यालय, बॅनरवर वर्दीतले फोटो, ‘शेवटच्या जागा’. पोलीस भरतीत 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर 20 पैकी 20 गुण, आणि माझं घोडं तिथंच अडतं. ‘दम कुठं तुटतो ते रक्तातून काढून देतो’ म्हटल्यावर कोण जाणार नाही? मी काही अडाणी नाही, बी.एस्सी. आहे.

बोटाला चिमटा लावला. कोरोनात गावोगावी फिरला तोच ऑक्सिमीटर. आकडा आला 98, आणि अहवालात छापलं ‘व्हीओटू मॅक्स 98’! अरे बाप्पा, ती रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी. व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून पळताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं ते. त्याला तोंडावर मास्क आणि श्वासातला वायू मोजणारं यंत्र लागतं. जगातले अव्वल सायकलपटू सत्तर-ऐंशीच्या घरात, आणि मी 98?

मग सुई. यंत्र आमची आजी शुगर बघते तेच, स्ट्रिपची डबीही तीच. विचारलं तर म्हणतो, ‘दादा, हे स्पोर्ट्स मोडवर टाकलंय.’ तिथंच उठायला पाहिजे होतं! आठवलं की अजून कानशिलं तापतात. पण पैसे भरलेले, मागं रांग, समोर पांढरा कोट. लिहिलं ‘लॅक्टेट 92 मिलिमोल’. लॅक्टेट म्हणजे जोरात पळताना रक्तात साचणारा पदार्थ; यानं शुगरचाच आकडा त्याच्या नावानं छापला. निरोगी माणसाचं बसल्या जागी एक-दोन असतं, थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपुढं ते झपाट्यानं साचतं ती, ढोबळमानानं 4 धरतात. 92 असतं तर मी खुर्चीवर नाही, तिरडीवर असतो. शिवाय खुर्चीत बसवून थ्रेशोल्ड निघतच नाही. टप्प्याटप्प्यानं वेग वाढवत पळवायचं, दर टप्प्याला थेंब घ्यायचा, लॅक्टेट कुठं झपाट्यानं चढतं ते पाहायचं. बसवून रक्त मागणाऱ्याला बोटच देऊ नका.

ठाण्यात जमादार म्हणाले, ‘पावडर तुनंच घेतली न? पिली न? मंग काऊन आला?’ वर पावती मागितली. रोख घेऊन पावती देतो कोण? (तुम्ही मात्र रोख देऊ नका.) एका हेल्पलाइनवर सांगितलं, समोरासमोर दिले म्हणजे सायबर नाही. आरोग्यवाले म्हणाले पावडर आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला साहेब मीटिंगला, बाबूला अर्ज तीन प्रतींत पाहिजे, झेरॉक्सवाल्याकडे वीज नाही. फसवणारा एका दुपारी मोकळा होतो, तक्रारदाराची चप्पल झिजते.

ग्राहक हेल्पलाइन 1915. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हे मला कोणत्याच टेबलावर सांगितलं नाही.

दमच मोजायचा तर 1968 पासून अमेरिकेतल्या डॉ. कूपरची फुकट चाचणी आहे: 12 मिनिटं पळा, मीटरमधून 504.9 वजा करा, 44.73 नं भागा. 2400 मीटर झाले तर व्हीओटू मॅक्स अंदाजे 42. शाळेचं मैदान आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं.

बॅनरवरचा नंबर अजून लागतो, फक्त माझा उचलत नाहीत. शेजारच्या तालुक्यात शिबिर लागलंय म्हणे. चाचणी आता 2,000.